धुतलेली भिंत

हळदीकुंकू असं झालं होतं की कलकत्त्याच्या मराठी मंडळात पुढचं वर्षभर दुसरा विषय निघू नये. कैरीची डाळ पुरली, पन्हं उरलं, आणि चैत्रगौरीच्या मागची भिंत फोटोत इतकी लख्ख आली की सुचित्रानं तो फोटो नागपूरच्या आपल्या जावेला पाठवून दिला, खाली लिहिलं, 'बघ, आमची गौर गंगेकाठी.' मंजुषा धोपेश्वरकर दुसऱ्या दिवशी दुपारी भवानीपूरच्या आपल्या घरात सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, हातांच्या फुटलेल्या तळव्यांना खोबरेल चोळत होती आणि मंडळातल्या बायकांचे निरोप वाचत होती. आपल्या हातानं केलेल्या कामाचं कौतुक दुसऱ्या दिवशी निवांत वाचायला मिळणं, यापरतं सुख नाही. तिला ते क्वचितच मिळायचं, म्हणून ती पुरवून पुरवून घेत होती.

"मंजुषाताई, एवढे जुनाट डाग निघाले कसे हो? काय लावलंत?" असं कुणीतरी पुन्हा विचारलं होतं.

मंजुषानं तेलकट बोटानं उत्तर टाकलं. 'धुण्याचा सोडा, कढत पाणी, काथ्याचा ब्रश. आणि मनगटात जोर!' पुढे एक हसरं चित्रही टाकलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि देवयानी आत आली. बंगळूरहून विमानानं उतरून ती घरी न येता थेट हळदीकुंकू झालं त्या गोदामावर गेली होती, हे तिच्या पायांतल्या बुटांवरच्या पांढऱ्या धुळीवरून कळत होतं. बूट तिनं काढले नव्हते. या घरात बूट घालून बैठकीत आलेलं अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

"अगं, पायातलं काढ आधी. पन्हं ठेवलंय तुझ्यासाठी फ्रीजमध्ये."

"आई, खालच्या हॉलची भिंत कोणी धुतली?"

"मी!" मंजुषा म्हणाली. कसं म्हणाली? वर्गात पहिला नंबर सांगणाऱ्या मुलीसारखं म्हणाली. "म्हणजे मी, सुचित्रा, आणखी तिघीचौघी. तू बघितलीस ना? काय अवतार होता तो, शी! वरपासून खालपर्यंत पानाच्या पिचकाऱ्या. इतकी वर्षं या गावात राहिले, जिन्यात पान, लिफ्टमध्ये पान, पण एवढं थुंकलेलं मी कुठं पाहिलं नव्हतं. गौर काय त्याच्यापुढे मांडायची होती?"

देवयानी खाली बसली. सोफ्यावर नाही, दारातच, चपलांच्या फळीजवळ.

"ते पान नव्हतं, आई. तो सिंदूर होता. आणि ते हात होते."

मंजुषाला आधी काहीच कळलं नाही. आणि मग जे जे कळत गेलं ते एकदम कळलं असतं तर बरं झालं असतं, पण देवयानी दमली होती, हळूहळू बोलत होती, आणि तिचं मराठी दमल्यावर आणखीच अडखळायचं.

खिदिरपूरच्या धक्क्याला लागून असलेलं ते तागाचं गोदाम बंद पडून कित्येक वर्षं झाली होती. छपरातून पिंपळ उगवला होता. आता एका बांधकाम कंपनीनं ते घेतलं होतं, वर ऑफिसं, नदीकडच्या गच्चीवर खानावळ, आणि खाली, देवयानीनं दोन वर्षं भांडून मिळवलेलं, तिथल्या माणसांच्या आठवणींचं दालन. जुन्या इमारती जपायचं शिक्षण घेतलेली ती पोर. घराण्यात सगळे कारकून आणि अधिकारी, ही एकटी चुन्यागाऱ्यात रमलेली.

"विश्वकर्मा पूजेला," ती सांगत होती, "तिथले हमाल, क्रेनवाले, सगळे, पूजा झाली की तेलात कालवलेला सिंदूर हाताला लावायचे आणि त्या भिंतीवर ठेवायचे. दर वर्षी. आपल्याच जागेवर. जुन्या हातावर परत हात. म्हणून ते इतके जाड झालेले, काळे पडलेले. गोदाम बंद झालं तिथपर्यंत. त्यातले अर्धे लोक आता नाहीत. त्यांच्या बायका, मुलं, रविवारी येतात, उभी राहतात तिथे. उद्या पोइला बैशाखला, बंगाली नववर्षाला, त्या भिंतीसमोर उद्घाटन आहे, आई. त्या भिंतीसाठीच तर सगळं."

"पण हातासारखं काही दिसत नव्हतं गं," मंजुषा म्हणाली.

ती खोटं बोलत होती. खालच्या बाजूला, जिथं ती उकिडवी बसून घासत होती, तिथं एका ठिकाणी पाच बोटं अगदी स्वच्छ दिसली होती. कुणा कार्ट्याचा खेळ असेल, असं म्हणून तिनं त्यावर सोडा टाकला होता. बादलीत लाल पाणी उतरलं तेव्हा सुचित्रा ओरडली होती, "बघा बघा, पानच हे!" आणि सगळ्या हसल्या होत्या. मंजुषा सगळ्यांत मोठ्यानं हसली होती.

आता ते हसणं तिच्या कानात वाजायला लागलं. तिनं तेलाची बाटली उचलली, झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं.

*

क्षितिज आला तो घामाघूम होऊन. त्याची कचेरी न्यू टाउनला, आणि तिथून भवानीपूर म्हणजे अर्धं आयुष्य गाडीत जातं. तो देवयानीचा मोठा भाऊ, आणि नशीब असं की ज्या कंपनीनं गोदाम घेतलं त्याच कंपनीत जागा विकायचं काम करायचा. हळदीकुंकवासाठी तो हॉल त्यानंच मिळवून दिला होता. मिळवून दिला म्हणजे काय, तर कंपनीत कुणाला न विचारता राखणदाराला फोन केला होता: "निताईदा, माझी आई येतेय, चाबी दिये दियो." किल्ली देऊन टाक. झालं. मराठी माणसाला परमुलखात भाऊबंदकी तेवढी आठवते असं म्हणतात, पण वशिला तो कुठंही विसरत नाही.

"साहेबांनी सकाळी भिंत बघितली," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "पण घाबरू नका. मी निस्तरलंय."

"म्हणजे काय केलंस?" देवयानीनं विचारलं.

"सांगितलं की वॉचमननं रात्री कुणाला तरी आत सोडलं असणार. निताईला उद्यापासून काढलंय. त्याला म्हटलं, उद्या सकाळी येऊन युनिफॉर्म जमा कर. साहेब म्हणाले, उद्घाटनात दोन शब्दांत ते सांगून टाकू. विषय संपला."

शरद पेपर वाचत होता. म्हणजे पेपर धरून बसला होता. मुलांचा बाप, बँकेतून निवृत्त, वाद झाला की ज्याच्या बाजूला आवाज मोठा त्याच्या बाजूला जाणारा. "ते बरं केलंस," तो म्हणाला. "आपण परक्या गावात राहतो. मंडळाचं नाव पेपरात येणं बरं नाही. त्या निताईला नंतर लावू कुठंतरी."

"बाबा!"

"अगं, तुझंच नाव जाईल त्यात, देवू. 'घरच्यांनीच धुतली' म्हणतील. तुला पुढं काम देईल कोण?"

हे खरं होतं. खऱ्या गोष्टीत घोळवून खोटं दिलं की घशाखाली चटकन उतरतं. देवयानी गप्प झाली, आणि ती गप्प झाली हे पाहून मंजुषाला हायसं वाटलं. अगदी छाती मोकळी झाली. निताईला काढलं, मुलीचं नाव राहिलं, मुलाची नोकरी राहिली, सुचित्राला काही कळणार नाही. आणि मग पुढच्याच क्षणी तिला त्या हायसं वाटण्याचीच इतकी शरम वाटली की तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

कारण निताई तिथं होता. परवा, त्या बायका पदर खोचून उभ्या राहिल्या तेव्हा तो दारातून आत आला होता, हात पुढे करून म्हणाला होता, "काकीमा, ओखाने ना, ओखाने ना." तिथं नको, तिथं नको. आणि मंजुषानं बंगाली माणसाला सगळ्यातच खुसपट काढायची सवय असते असं मनाशी म्हणून त्याला पिटाळलं होतं: "तुमि जाओ, गरम जल आनो." बिचारा गेला. पाणी तापवून आणलं. एकदा नाही, प्रत्येक बादलीला आणलं. क्षितिजसाहेबांच्या आईला तो काय सांगणार होता?

"तिथं प्लास्टिकचा पडदा होता," देवयानी म्हणाली. "दोर होता. पाटी होती, बंगालीत आणि इंग्लिशमध्ये. हात लावू नका, जतनाचं काम सुरू आहे. ती पाटी कुठे गेली, दादा? मला सापडली नाही."

"निताईनं काढली असेल," क्षितिज म्हणाला.

मंजुषा पदराआडून म्हणाली, "ती मी विटांवर आडवी ठेवली. वर टेबलक्लॉथ घातला. पन्ह्याचे पेले त्याच्यावर होते."

देवयानी उठून तिच्यासमोर आली.

"वाचली होतीस?" देवयानीनं विचारलं.

"वाचली होती. मला वाटलं, ओला रंग असेल. मला वाटलं, आपल्यासाठी नसेल."

"आई, हे तू बाहेर कुठं बोलू नकोस," क्षितिज म्हणाला. त्याचा घाम आता वाळला होता आणि चेहरा अगदी लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर व्हायचा तसा झाला होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायचं तर, तो वाईट नव्हता. निताईच्या मुलीच्या बारशाला तो जाऊन आला होता, हातात पाकीट देऊन आला होता. पण साहेबांसमोर सकाळी उभं राहिल्यावर त्याच्या तोंडून जे निघालं ते निघालं, आणि मग ते मागं घ्यायला जी हिंमत लागते ती त्यानं कुणाकडून शिकायची होती? बापाकडून? "सर म्हणाले, परवानगी कोणी दिली ते शोधून काढा, नाहीतर तूही जाशील. माझं घराच्या कर्जाचं चाललंय, आई. मी आता कुठं जाऊ?"

मंजुषा त्याच्याकडे बघत राहिली. एकीकडे पोटचा पोरगा, दुसरीकडे गरम पाणी आणून देणारा माणूस. निताईवरचा आळ काढायचा तर मुलाला चारचौघांत खोटारडा ठरवायचं. इतकं सरळ होतं ते, आणि म्हणूनच तिला कुठं तोंड लपवायला जागा सापडत नव्हती.

"कोपरा मी दाखवला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत श्यामराव बसले होते. शरदचे वडील, घरातले अण्णा, मुलांचे आजोबा. कस्टम्समधले जुने अधिकारी, खिदिरपूरच्या धक्क्यावर नोकरी काढलेले. त्यांना ऐकू कमी येतं असं सगळे धरून चालायचे, आणि ते चालू द्यायचे.

"परवा या बायका घासत होत्या, मी समोर खुर्चीत बसलो होतो," ते म्हणाले. "काठीनं दाखवलं. मंजुषा, त्या कोपऱ्यात अजून राहिलंय बघ. तो कोपरा राहिला असता तर काहीतरी राहिलं असतं."

"जाऊ द्या हो अण्णा," शरद म्हणाला.

"कुठं जाऊ दे?" श्यामराव म्हणाले, आणि काठी टेकत उठून आपल्या खोलीत गेले.

*

देवयानी थोड्या वेळानं त्यांच्या मागून गेली. ते पलंगाच्या कडेला बसले होते, चष्मा हातात, डोळे बारीक आणि उघडे पडलेले.

"तुझ्या त्या दालनात माझा फोटो आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. मोठा. दारातच." आपल्या आजोबांच्या आठवणी तिनं तासन्‌तास रेकॉर्ड केल्या होत्या. त्यातली एक ओळ ठळक अक्षरांत छापली होती: 'या गोदामाचा दगड न दगड मला ओळखतो.' तीच पॅनलं बंगळूरहून छापून घेऊन ती आज आली होती. गोदामावर बांधलेलीच होती अजून.

"तो लावू नकोस."

"आजोबा..."

"अगं, मी तिथं कधी उतरलोच नव्हतो." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "माझी कचेरी वरच्या सज्ज्यावर. विश्वकर्मा पूजेला दर वर्षी ते लोक वर यायचे, 'साहेब, नीचे चलिए.' मी म्हणायचो, येतो, चला पुढं. मग वरच बुंदीचा पुडा घ्यायचो. कुंकू लागेल सदऱ्याला, म्हणून. पांढरा सदरा असायचा ना. पतंग उडताना बघायचो वरून, खाली ढोल वाजायचा तो ऐकायचो, आणि घरी येऊन तुझ्या आजीला सांगायचो, आज धक्क्यावर काय मजा होती! तुलाही तेच सांगितलं. वरून ऐकलेलं. आणि परवा ती भिंत माझ्यासमोर हातभर अंतरावर होती आणि मला वाटलं पान. इतकी वर्षं तिथली भाकरी खाल्ली आणि मला वाटलं पान."

देवयानीला त्यांना जवळ घ्यायचं होतं. पण तिलाही राग आला होता, खरा राग, आणि तो कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं. सगळ्यांत जास्त तो तिचा तिच्यावरच होता. दादानं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "घ्या हॉल, फक्त आतल्या बाजूला जाऊ नका." एवढंच. भिंत म्हणजे काय ते तिनं घरी कुणाला नीट सांगितलंच नव्हतं. बाहेरच्या परिषदांत स्लाइडी लावून तासभर बोलायची. घरी आई विचारायची, "आज काय केलंस गं?" तर म्हणायची, "काही नाही, तेच."

"मग उद्या काय करायचं?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस? मी सज्ज्यातला माणूस," श्यामराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

*

सकाळी चौघं निघाली. शरद घरी राहिला. गुडघा दुखत होता म्हणे. पोइला बैशाख, रस्त्यात सगळीकडे लाल काठाच्या पांढऱ्या साड्या, मिठाईच्या दुकानांपुढे रांगा. क्षितिज गाडी चालवत होता, मंजुषा शेजारी, मागे आजोबा आणि नात. फाटक दिसायला लागलं तेव्हा मंजुषा म्हणाली,

"क्षितिज, तू सांगतोस की मी सांगू?"

"आई, प्लीज."

"बाळा, तुलाच विचारतेय."

"काय मिळणार आहे तुला त्यातून? भिंत परत येणार आहे?"

"नाही येणार," मंजुषा म्हणाली. एवढं म्हणून तिनं खिडकीबाहेर तोंड वळवलं. क्षितिजला वाटलं, आई समजली. ती काही समजली वगैरे नव्हती. तिला नुसती भीती वाटत होती, आणि आपण बोलू की नाही हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

फाटकापाशी निताई उभा होता. अंगात घरचा चौकड्याचा शर्ट, हातात घडी घातलेला युनिफॉर्म, आणि ती घडी कुणीतरी बाईमाणसानं इस्त्री करून घातलेली. त्यानं मंजुषाला पाहिलं आणि रोजच्यासारखा नमस्कार केला. तोंडात शिवी असती तर बरं झालं असतं. "भालो आछेन, काकीमा?" बऱ्या आहात ना, त्यानं विचारलं. मंजुषानं नुसते हात जोडले.

हॉलमध्ये झेंडूच्या माळा होत्या, खुर्च्या होत्या, नदीकडच्या दारातून वारा येत होता. कंपनीचे साहेब होते. आणि ती माणसं होती, गोदामातल्या हमालांची, क्रेनवाल्यांची घरं. नवे कपडे, तेल लावलेले केस, कडेवर पोरं. ती सगळी भिंतीपुढे अर्धगोल करून उभी होती. भिंत लख्ख होती. उजेड पडला होता तिथं फिकट गुलाबी झाक दिसत होती, बस.

कुणी ओरडलं नाही. कुणी ओरडलं असतं तर काहीतरी बोलता आलं असतं.

श्यामरावांसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, वर नाव लिहिलेली. ते बसले नाहीत. देवयानीचा दंड धरून मागं भिंतीला उभे राहिले, पांढऱ्या सदऱ्यात.

साहेबांनी माइक घेतला. हिंदीत बोलले. वारसा म्हणाले, गंगामैया म्हणाले, मग गळा साफ करून म्हणाले, एक दुःखाची गोष्ट घडली, आमच्या एका राखणदाराच्या हलगर्जीपणामुळे, आम्ही कडक कारवाई केली आहे. अर्धगोलातल्या माणसांनी निताईकडे पाहिलं. तो त्यांच्यातलाच, त्याच वस्तीतला. निताई खाली बघत होता. इस्त्रीच्या घडीवर त्याचा अंगठा फिरत होता.

तेवढ्यात पुढची एक म्हातारी वळली. बासंतीमाशी. माशी म्हणजे मावशी; तिचा नवरा इथल्या हमालांच्या टोळीचा सरदार होता. देवयानीनं तिच्याबद्दल घरी कधीतरी एक वाक्य सांगितलं होतं. तिनं निताईकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं नाही, नुसतं सगळ्यांना मिळून विचारलं,

"के धुलो?"

कोणी धुतलं?

मंजुषा इतकी वर्षं कलकत्त्यात होती. बंगाली तिला सगळं कळायचं. बोलता यायचं ते बाजारातलं आणि मोलकरणीशी लागतं तेवढं. किती भाव, कमी कर, उद्या लवकर ये, हे धू, ते नीट धू. क्षमा मागायला लागतात ते शब्द तिला कधी लागलेच नव्हते. पण हे एक क्रियापद तिला पाठ होतं.

"आमि," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढं गेली आणि परत म्हणाली, "आमि धुयेछि. निताई ना. निताई बारण केलं होतं... बारण कोरेछिलो. आमि शुनिनि."

मी धुतलं. त्यानं नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. एवढंच तिला आलं. उरलेलं सगळं तिच्या कानशिलांत आणि मानेत चढलं, लालभडक, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

साहेबांनी माइक खाली केला. "ये कौन हैं?" आणि मग, "अंदर किसने आने दिया इनको?"

मंजुषानं मुलाकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. बोलायचं की नाही, तेवढं तरी त्याच्याकडे राहू दे, असं तिला वाटलं. मागे नुसती फरशीवर बुटाची करकर ऐकू आली आणि मग क्षितिजचा आवाज, कोरडा, बारीक.

"मैंने, सर. मेरी माँ हैं. चाबी देने को मैंने बोला था. निताईदा ने कुछ नहीं किया."

"कल ऑफिस आओ," साहेब म्हणाले. मग निताईकडे बघून हात हलवला, ते घालून घे म्हणून. निताईनं घडी मोडली नाही. ती तशीच छातीशी धरून उभा राहिला. घालीन किंवा नाही घालणार, माझं मी बघेन, असं काहीतरी त्या उभं राहण्यात होतं, आणि कुणाची त्याला पुन्हा सांगायची छाती झाली नाही.

मंजुषाला वाटलं, आता संपलं. आता आपण खाली बसावं, आता कुणीतरी दोन शिव्या द्याव्यात आणि आपण त्या खाव्यात. पण बासंतीमाशी अजून तिच्यासमोर होती. म्हातारीनं तिच्याकडे पाठ केली, भिंतीपाशी गेली, आणि न चाचपडता, न शोधता, एका जागी आपला तळवा टेकवला. जिथं मंजुषाला पाच बोटं दिसली होती त्याच्या जरा वर. तसाच हात ठेवून ती बोलायला लागली, आणि मंजुषाला शब्द न शब्द कळत होता.

"त्यांच्या गंजीफ्रॉकला एकदा हा सिंदूर लागला. मी साबण लावला. लिंबू लावलं. राख लावली. दगडावर आपटून आपटून गंजी फाटायला आली, डाग काही गेला नाही. मी त्यांना केवढी बोलले होते तेव्हा. ते गेल्यावर तीच गंजी ठेवून घेतली आहे, डागासकट." मग तिनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तोमार हाते उठलो की कोरे? की दियेछिले, दीदी?"

तुझ्या हातून निघाला कसा? काय लावलंस, ताई?

मंजुषाला ते उत्तर पाठ होतं. काल दुपारी सोफ्यावर बसून तिनं ते किती जणींना पाठवलं होतं. आणि आता सगळे थांबले होते, माशी थांबली होती, उत्तर दिल्यावाचून सुटका नव्हती.

"शोडा," ती म्हणाली. "गरम जल." आणि बऱ्याच वेळानं, "ब्रश."

मनगटातल्या जोराचं तिनं सांगितलं नाही. फुटलेले तळवे तिनं पदराखाली घेतले होते. बासंतीमाशीनं मान डोलावली, एखादीनं पदार्थ कसा करायचा ते सांगितल्यावर बायका डोलावतात तशी, आणि परत भिंतीकडे तोंड केलं. हात तिनं काढला नाही.